एकच माईक घ्यावयाचा झाल्यास कोणता घ्यावा?

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस ध्वनिमुद्रणाचा छंद लागला आहे. कोणी कविता म्हणतो, कोणी पेटीची साथ घेऊन गातो, कोणी एखाद्या शास्त्रीय विषयावर लहानसें भाषण करितो, आणि तें संगणकावर मुद्रित करून आप्तेष्टांस ऐकवितो. छंद स्तुत्य आहे. त्यानें उच्चार सुधारतात, आणि आपलें बोलणें दुसऱ्यास कसें ऐकूं येतें याची जाणीव होते. परंतु या छंदाबरोबर घरोघर एक मागणीहि येते : “बाबा, मला स्टुडिओंतला चांगला माईक पाहिजे.” बाबांस त्या विषयाची ओळख नसते. दुकानांत ‘हा अगदीं बारीक आवाजहि टिपतो’ असें सांगून महाग वस्तु पुढें केली जाते. ती घरीं येते, आणि पहिल्याच मुद्रणांत मुलाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिटी व रस्त्यावरचा भोंगा हीं सर्व तितक्याच इमानानें टिपलीं जातात. मग मुलाचा उत्साह मावळतो, व पालकांचे पैसे अडकून पडतात. हें टळावें म्हणून, एकाच माईकावर बोलणें, गाणें व वाजविणें हीं तिन्ही कामें भागवावयाचीं असल्यास तो कसा निवडावा, याचा विचार आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. कित्येक घरांत अशा आजी आहेत कीं, ज्यांच्या ओंठीं जात्यावरच्या ओव्या अद्याप आहेत. हेमा राईरकर व गी पॉईटवाँ या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांपैकीं कित्येक गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या, म्हणून आज त्या आपणांस ऐकावयास मिळतात. परंतु आपल्या स्वतःच्या आजीचा आवाज जपून ठेवावयास बाहेरून कोणी येईल अशी वाट पाहूं नये. तें काम घरच्या मुलांचें आहे. तिनें एखाद्या दुपारीं बसून ओव्या म्हटल्या, आणि त्यांतील शब्द गोंगाटांत बुडून गेले, तर ती दुपार पुन्हां येईलच असें कोणीं सांगावें?

मायक्रोफोन म्हणजे आवाजाच्या कंपनांचें विजेच्या कंपनांत रूपांतर करणारें साधन होय. मुद्रणांत त्याचा उपयोग होऊं लागला त्यापूर्वीं, म्हणजे १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचीं गाणीं ग्रामोफोनकरितां मुद्रित झालीं त्या वेळीं, गाणाऱ्यास कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे. आवाजाच्या जोरानेंच सुई हलून मेणाच्या तबकडीवर रेघ उमटत असे. १९२५ सालापासून या कामीं विजेचें साहाय्य मिळूं लागलें, व कर्ण्याची सद्दी संपली. पुढें १९३१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ वेन्टे व थुरास यांनीं रचलेला ‘६१८-ए’ नांवाचा माईक वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें बाजारांत आणिला. आज आपण ज्यास ‘डायनॅमिक’ माईक म्हणतों, त्याच्या पहिल्या यशस्वी नमुन्यांत याची गणना होते.

याची रचना दहाव्या इयत्तेच्या विद्यार्थ्यास सहज समजेल. एक पातळ पडदा असतो; त्याच्या पाठीशीं बारीक तारेचें हलकें वेटोळें चिकटविलेलें असतें; आणि तें वेटोळें लोहचुंबकाच्या फटींत अधांतरीं राहतें. आपण बोललों म्हणजे हवा कंप पावते, हवेबरोबर पडदा व पडद्याबरोबर वेटोळें पुढेंमागें होतें, आणि चुंबकीय क्षेत्रांत तार हलल्यामुळें तिच्यांत वीज उत्पन्न होते. फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. या माईकास बाहेरून वीज पुरवावी लागत नाहीं. गाणाराचा श्वासच येथें जनित्र चालवितो म्हणावयास हरकत नाहीं. हीच रचना उलट चालविली, म्हणजे तारेंत वीज सोडून पडदा हलविला, कीं लाउडस्पीकर होतो.

दुसरा मोठा प्रकार ‘कंडेन्सर’ माईकाचा. त्यांत अत्यंत हलका पडदा एका स्थिर पत्र्यासमोर ताणून बसवितात. दोहोंमध्यें विद्युद्भार असतो, आणि पडदा हलला कीं त्यांतील अंतर बदलून विजेचा संकेत उत्पन्न होतो. यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा तारेवाटेच करावा लागतो. पडद्यास वेटोळ्याचें ओझें नसल्यामुळें तो अतिशय चपळ असतो, व सूक्ष्म आवाज फार सुंदर टिपतो. मोठ्या स्टुडिओंत, जेथें भिंती, छत व दारें आवाज शोषून घेतील अशीं केलेलीं असतात, तेथें त्यास तोड नाहीं. परंतु तो नाजूक असतो. पडणें, आदळणें व कोंकणांतील पावसाळ्याची दमट हवा त्यास मानवत नाहीं. डायनॅमिक माईक या सर्वांस पुष्कळ पुरून उरतो. म्हणून अनेक हातांत जाणाऱ्या शाळेच्या वस्तूस तोच प्रकार योग्य.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ‘डायनॅमिक माईक गोंगाट ऐकतच नाहीं’ असें पुष्कळजण सांगतात. हें जसेंच्या तसें खरें नव्हे. मुलाचा आवाज कोणता व पंख्याचा कोणता, हें कोणत्याच माईकास कळत नाहीं. दोन माईक सारख्याच दिशेनें ऐकणारे असले, व ते तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेविले, तर आवाज व गोंगाट यांचें परस्पर प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेंच येतें. मग डायनॅमिक माईकाची ही कीर्ति कशामुळें झाली? तर तो तोंडाच्या अगदीं जवळ नेतां येतो, यामुळें. जवळून निघालेल्या मोठ्या आवाजानें तो बिथरत नाहीं, आणि श्वासाचा झोतहि कंडेन्सरपेक्षां अधिक सोसतो.

जवळ नेल्यानें काय साधतें, तें गणितानें पाहूं. मोकळ्या जागेंत आवाजाच्या उगमापासूनचें अंतर निम्में केलें कीं त्याचा दाब दुप्पट होतो, म्हणजे सुमारें ६ डेसिबलची वाढ होते. समजा, माईक तोंडापासून ६४ सेंटिमीटरवर आहे. तो ३२ वर आणिला, मग १६ वर, मग ८ वर आणिला. अंतर तीन वेळां निम्में झालें, म्हणजे आवाज आठपट, अथवा १८ डेसिबलनें, वाढला. छतावरचा पंखा मात्र होता तेथेंच राहिला; त्याचा आवाज कांहीं वाढला नाहीं. इतका लाभ कोणताहि महाग माईक केवळ किंमतीच्या बळावर देऊं शकत नाहीं. सारांश, गोंगाट जिंकतो तो माईक नव्हे, तर अंतर. आणि चांगला बहुगुणी माईक तोच कीं, जो आपणांस जवळ उभें राहूं देतो.

निवडीची दुसरी कसोटी दिशेची. जो माईक चोहोंकडून सारखेंच ऐकतो तो घरगुती खोलीस निरुपयोगी समजावा. ‘कार्डिऑइड’, म्हणजे हृदयाच्या आकृतीप्रमाणें ऐकणारा माईक घ्यावा. तो समोरचें उत्तम, बाजूचें कमी व पाठीमागचें अत्यल्प ऐकतो. एकाच पडद्याच्या डायनॅमिक माईकांत हा गुण शुअर कंपनीच्या बेंजामिन बाउअर या अभियंत्यानें १९३९ सालच्या ‘युनिडाइन ५५’ मध्यें प्रथम साधला. त्यापूर्वीं त्याकरितां दोन निरनिराळे माईक एका डब्यांत बसवावे लागत. या गुणाचा लाभ घ्यावयाचा तर खिडकी बोलणाराच्या पाठीशीं नव्हे, माईकाच्या पाठीशीं असावी. बोलणाराच्या पाठीमागें एक जाड गोधडी टांगावी. कारण माईक त्याच दिशेस तोंड करून असतो, व उघड्या भिंतीवरून परत येणारा घुमारा गोधडी शोषून घेते.

अशा माईकाचा आणखी एक धर्म लक्षांत ठेवावा. तो तोंडाच्या फार जवळ आणिला म्हणजे खर्जाचा भाग फुगतो. लहान मुलाच्या पातळ आवाजास यानें भरदारपणा येतो; परंतु वडिलांच्या भारी आवाजास तो घागरींत बोलल्यासारखा करून सोडतो. यावर उपाय दोन : चार बोटें अंतर आठ बोटें करावें, किंवा ज्या माईकावर खर्ज कमी करण्याची कळ आहे तो वापरावा. तसेंच ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा झोत सरळ पडद्यावर बसूं नये म्हणून माईक ओंठांच्या अगदीं समोर न धरितां किंचित् बाजूस धरावा, व त्यावर स्पंजाची टोपी घालावी.

तिसरी कसोटी सूक्ष्म असली तरी खरेदीच्या वेळीं तीच फसविते. डायनॅमिक माईकाचा संकेत फार क्षीण असतो. जवळून साधें बोलणें झालें तरी तो अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास भरतो. कंडेन्सर माईकाचा संकेत याच्या दहापट किंवा त्याहूनहि अधिक असतो. म्हणून माईक व संगणक यांच्यामध्यें जें ‘ऑडिओ इंटरफेस’ नांवाचें यंत्र लागतें, त्यांत संकेत वाढविण्याची शक्ति भरपूर पाहिजे. ६० डेसिबल वाढ म्हणजे व्होल्टच्या हिशोबानें हजारपट. हलकें यंत्र इतकी वाढ करूं गेलें कीं स्वतःचाच ‘हिस्स’ असा आवाज त्यांत मिसळतें. माईक महाग व यंत्र हलकें, अशी जोडी म्हणजे दाण्यापेक्षां जातें कमजोर असा प्रकार होय.

आतां प्रत्यक्ष नमुने पाहूं. शुअर कंपनीचा ‘एस.एम. ५७’ १९६५ सालीं व त्याचाच भाऊ ‘एस.एम. ५८’ १९६६ सालीं निघाला. यांतील ‘एस.एम.’ हीं अक्षरें ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ या शब्दांचीं आहेत. पुढें रंगभूमीवर व सभांतून त्यांचा इतका प्रसार झाला कीं हें मूळ लोक विसरून गेले. दोहोंचें अंतरंग बहुतेक एकच. ५८ च्या डोक्यावर जाळीचा गोळा असून आंत स्पंज असतो, त्यामुळें तोंडाचा झोत अडतो. ५७ चें डोकें चपटें असल्यामुळें तो वाद्याच्या अधिक जवळ नेतां येतो. ५७ हा सुमारें ४० ते १५,००० हर्ट्झ कंपसंख्येचे आवाज टिपतो, व ५८ हा ५० ते १५,००० चे. मनुष्याचा कान तारुण्यांत २०,००० पर्यंत ऐकतो हें खरें. परंतु शब्द स्पष्ट करणारीं व्यंजनें बहुतेक या मर्यादेच्या आंतच येतात, आणि या माईकांत ती पट्टी किंचित् उठावदार ठेविलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावर कित्येक दशकें ५७ चीच जोडी दिसत आली आहे, आणि तोच माईक ढोल व गिटार यांच्या मुद्रणासहि जगभर वापरला जातो. एकाच साधनानें दोन इतकीं भिन्न कामें करावीं, यापरती बहुगुणीपणाची साक्ष कोणती?

जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा ‘एम.डी. ४२१’ १९६० सालचा. त्यावर खर्ज कमी-अधिक करण्याची पांच टप्प्यांची कळ असते. एका टोकास संगीत व दुसऱ्या टोकास भाषण. इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा ‘आर.ई. २०’ १९६८ सालीं निघाला व नभोवाणीवाल्यांचा आवडता झाला. त्याच्या दांड्यावरील फटींची योजना अशी आहे कीं, बोलणारा पुढेंमागें सरला तरी खर्ज फारसा फुगत नाहीं. शुअरच्या ‘एस.एम. ७’ या माईकाची सध्यांची आवृत्ति ‘एस.एम. ७-बी’ २००१ सालीं आली. १९८२ सालीं निघालेल्या मायकेल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’ या ध्वनिमुद्रिकेंत ब्रूस स्वीडिन या कसलेल्या मुद्रकानें गायनाकरितां याच घराण्यांतील ‘एस.एम. ७’ वापरला. त्याच्यापुढें जगांतील उत्तमोत्तम कंडेन्सर माईक हजर असतांना त्यानें डायनॅमिक निवडावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परंतु ७-बी चा संकेत ५८ पेक्षांहि क्षीण आहे : ठराविक दाबास ५८ हा सुमारें १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर ७-बी सुमारें १.१२. म्हणून त्यास निदान ६० डेसिबल स्वच्छ वाढ देणारें यंत्र अवश्य लागतें.

यांतून आमचा सल्ला असा. ज्या घरांत किंवा शाळेंत एकच माईक येणार आहे, आणि त्यावर आज निबंधवाचन, उद्यां तबला व परवां गाणें व्हावयाचें आहे, तेथें ५७ च्या जातीचा माईक घ्यावा, व बोलण्यागाण्याकरितां त्यावर स्पंजाची टोपी घालावी. हातांत धरून गाणें हेंच मुख्य काम असल्यास ५८ बरा. ७-बी किंवा आर.ई. २० यांच्या किंमतींत पहिल्या प्रकारचे तीन-चार माईक येतात. ते त्यांनींच घ्यावे, ज्यांस रोज एकाच ठिकाणीं बसून तास-दोन तास बोलावयाचें आहे व ज्यांचें वाढविणारें यंत्र दमदार आहे. उरलेले पैसे जड बुडाचा स्टँड, तीन टोंकांची उत्तम केबल व एक-दोन गोधड्या यांत घालावे. तीन टोंकांच्या केबलीचें कारण असें : तींत एकच संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध दिशेनें जातो, वाटेंत घरांतील ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण दोहोंत सारखीच शिरते, आणि शेवटीं यंत्र दोहोंची वजाबाकी करितें तेव्हां संकेत दुप्पट होतो व गुणगुण वजा होते. ऋण संख्येच्या वजाबाकीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत ठेवावें.

खरेदीपूर्वीं परीक्षा कशी करावी तेंहि सांगतों. एकच उतारा निवडावा. त्यांत ‘स’, ‘श’, ‘प’, ‘भ’ हीं अक्षरें भरपूर असावींत. तो मुलानें, आईनें व वडिलांनीं चार बोटांवरून, एका वितीवरून व एका हातावरून असा तीन वेळां वाचावा. मग सर्व मुद्रणें सारख्या मोठेपणानें ऐकावींत. कारण जें मोठें ऐकूं येतें तेंच चांगलें, असें कानास उगीच वाटतें. ‘स’ टोंचतो काय, खर्ज फुगतो काय, बोलणें थांबल्यावर मागें काय उरतें, हें पहावें. माईक अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. प्रसिद्ध माईकांच्या नकला बाजारांत फार. खऱ्या ५८ चें वजन सुमारें २९८ ग्रॅम असतें; फार हलका लागला तर संशय घ्यावा.

वाद्यांकरितां थोडें धोरण निराळें. तबल्याच्या जोडीवर मधोमध, एक-दीड वितीवर माईक धरावा, म्हणजे दायां व बायां दोन्ही समतोल येतात. पेटीच्या बाबतींत तो स्वरांच्या बाजूस एका वितीवर असावा; भात्याच्या बाजूस ठेविल्यास वाऱ्याचा फुसफुसाट गाण्यांत शिरतो. आजीच्या ओव्या मुद्रित करावयाच्या तर तिच्या हातीं माईक देऊं नये. तिला संकोच वाटतो. स्टँडवर ठेवून तो हनुवटीच्या किंचित् खालून एका वितीच्या आंत आणावा, पंखा दहा मिनिटें बंद करावा, आणि मग तिच्याशीं नेहमींप्रमाणें बोलत रहावें.

डायनॅमिक माईकाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. चाळीस मुलांचा गायनवृंद दूरून टिपावयाचा असेल, किंवा तंबोऱ्याच्या मंद झणकाऱ्यांतील बारकावा पाहिजे असेल, तर त्याचा संकेत अपुरा पडतो व वरच्या कंपसंख्यांची चमक जाते. अशा कामाकरितां शांत खोली पहावी, आणि एक दिवसापुरता कंडेन्सर माईक भाड्यानें आणावा. सर्व कामें एकाच हत्यारानें होतात असें सुतारहि म्हणत नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं एकच हत्यार आहे, त्यानें तें असें घ्यावें कीं रोजच्या कामांत तें आडवें येणार नाहीं.

तेव्हां पालकांस आमची इतकीच विनंति कीं, दुकानांत शिरण्यापूर्वीं मुलास तीन प्रश्न विचारावे : तूं काय मुद्रित करणार? कोणत्या खोलींत करणार? आणि माईकापासून किती बोटांवर बसणार? या तिहींचीं उत्तरें त्यास देतां आलीं, तर माईक निवडणें अवघड राहणार नाहीं. आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, नवा माईक घरीं आल्यावर पहिलें मुद्रण स्वतःच्या गाण्याचें न करितां घरांतील सर्वांत वडील माणसाच्या आवाजाचें करावें. आपलीं गाणीं मागाहून होतील.